पोचूचा खांब

सागरवेल रिसॉर्ट, वेंगुर्ला
१९ नोव्हेंबर २०२३

कुलदीप दादा,

जोहार.

पत्र पाहून घाबरू नको. तब्येत बरी आहे, जेवणही बरं आहे. फोनच केला असता, पण तुहा फोन लागते तो शाळेच्या टेकाडावर, आणि माहा फोन आला की माय तुह्यासोबत टेकाड चढते. ही गोष्ट मायच्या कानावर जाऊ द्याची नाई. म्हणून लिहून राह्यली. वाचून चुलीत टाक.

माहं काम तुले माहीत आहे. सकाळी रिसेप्शन, संध्याकाळी पाहुण्यांची फेरी. पंधरा-वीस लोकांले बागेतून समुद्रापर्यंत फिरवाचं आणि सांगाचं: ही कोकणच्या कारागिरांची कला, हे आमच्याकडं राहणारे प्राणी. भिंतीवर लाखेची खेळणी, लाकडी मुखवटे, जाळ्याचे दिवे. आंब्यावर धनेशाची जोडी, दगडी कुंपणात घोरपड, जुन्या छपरात उदमांजर. एक मोर पाहुणे आले की बरोबर हिरवळीवर येते. लोकांले वाटते रानातून आला. खरं म्हणजे माळी त्याले तिथी दाणे टाकते. मुखवटे पुण्याच्या बाजारातून येतात. इथलं अर्धं खरं आणि अर्धं सांगाचं. धनेश तेवढे खरे, त्यांले कोणी बोलवत नाई.

आता ऐक. मंगळवारी बागेत नवा खांब उभा केला. पोहण्याच्या टाकीच्या बाजूले, बारजवळ. सागाचा, माह्यापेक्षा हातभर उंच. वर मोर, खाली रानगवा, बैलबंडी आणि मधात सायकल. सायकलचं मागचं चाक लांबट.

बाबा गेला तवा मुखरू काकानं आपल्या भावासाठी जो खांब कोरला, त्यावर सायकल कोरताना काकाची छिन्नी घसरली होती. चाक लांबट झालं. माय रडता रडता हसली होती. आठवते?

मॅनेजरनं माह्या हातात कार्ड दिलं. "कोकणातील अज्ञात कारागिराचे पारंपरिक शिल्प." मी ते वीस लोकांसमोर वाचून दाखवलं दादा. वाचताना सायकलकडंच पाहत होती.

सारखा दुसरा खांब असू शकते, हे मले समजते. पण तू मोहाखाली जाऊन बाबाचा खांब एकदा पाहून ये. कोणाले सांगू नको. मायले तर नाईच.

दीपिका


पेंडलगुडा, ता. अहेरी
६ डिसेंबर २०२३

दीपिका,

जोहार. पत्र भेटलं. मी कापसाच्या गाड्यांवर गोंडपिपरीले होतो, परवाच घरी आलो. धान मायनं आणि बाकीच्यांनी कापून ठेवलं होतं.

खांब जाग्यावर आहे. गवा, मोर, बंडी हे कोणीही कोरते. सायकलही कोरत असन. तू तिथी एकटी राह्यते, म्हणून डोक्यात काहीबाही येते. काम नीट कर.

एक विचारतो. तू तिथी कोणाले आपल्या गावाचे फोटो दाखवले का? मोहाखालची जागा कुठी आहे, गाडी कुठपर्यंत जाते, असं कोणाले सांगितलं का? सहज विचारून राह्यलो.

माय बरी आहे. आजकाल बोलते कमी.

कुलदीप


सागरवेल रिसॉर्ट
१८ डिसेंबर २०२३

दादा,

तुले दोन पानं लिहिता येत नाईत, हे मले माहीत आहे. पण अर्ध्या पानातही तू खोटं लिहू शकते, हे माहीत नव्हतं.

खांब जाग्यावर आहे म्हणते, आणि खालीच गाडी कुठपर्यंत जाते ते विचारते. खांब जाग्यावर असता तर तू मले वेडी म्हणून मोकळा झाला असता.

मी पुन्हा पाहिलं. दुपारी पाहुणे झोपतात तवा गेली. खांबाच्या मागच्या अंगाले, मातीपासून वीतभर वर, खिळ्यानं कोरलेला "कु" आहे. खांब उभा झाला त्या दिवशी तू लपून कोरला होता आणि काकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी बोट फिरवून पाहिलं. बाबाच आहे तो.

आता तुह्या प्रश्नाचं उत्तर. हो, फोटो दाखवले. इथी प्रफुल सर आहेत, रिसॉर्टच्या सजावटीच्या वस्तू तेच आणतात. मूळचे भद्रावतीचे. पहिल्या महिन्यात कोणी माह्याशी बोलत नव्हतं, बोललं तर समजत नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, "काऊन वं पोरी, जेवली का?" आणि मले रडूच आलं. आपल्याकडचं माणूस म्हणून मी त्यांले सारं दाखवलं. माय, तू, आपले बैल, बाबाचा खांब. त्यांनी खांबाचा फोटो मोठा करून खूप वेळ पाहिला. "कोणी कोरला?" विचारलं. मी काकाचं नाव सांगितलं. अभिमानानं सांगितलं. गावाचा रस्ताही सांगितला असन, आता आठवत नाई.

पण रस्ता माहीत झाला म्हणून खांब चालत येत नाई. तो जड आहे, जमिनीत कमरेएवढा पुरलेला आहे. गावातल्या कोणाच्या तरी मदतीशिवाय तो निघत नाई. तू खोटं कोणासाठी लिहिलं?

इथी त्याच्यावर पितळी खुंट्या ठोकल्या आहेत. लोक पोहून येतात आणि ओले टॉवेल गव्याच्या शिंगावर अन् खुंट्यांवर टाकतात. बुडाशी घोरपडीनं बीळ केलं आहे. पाहुणे तिचा फोटो काढतात, मंग खांबाले टेकून स्वतःचा. मी कार्ड वाचते. रोज वाचते.

दीपिका


पेंडलगुडा
९ जानेवारी २०२४

दीपिका,

खांब नाई. तुहं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी जाऊन पाहून आलो. तुले त्रास नको म्हणून खोटं लिहिलं. आणि खरं सांगतो, तुहाच संशय आला म्हणून लिहिलं.

तिकडे कामाशिवाय कोणी जात नाई, म्हणून गावात बोंब झाली नव्हती. चोरानं उपटला असता तर जमीन उखडलेली दिसली असती. इथी खड्डा बुजवला होता, वरून शेणानं सारवलं होतं, आणि मधात पळसाच्या पानांचा दोना ठेवला होता, वाळलेला. चोर सारवून जात नाई. हे ज्यानं केलं त्याले बाबाची माया होती, आणि तरी त्यानं बाबाले गाडीत घातलं. मले हेच समजून नाई राह्यलं.

मी मुखरू काकाकडं गेलो. तो अंगणात बाजेचा पाय तासत होता.

"काका, बाबाचा खांब कुठी आहे?"

"मोहाखाली."

"नाई तिथी."

त्यानं वाकस खाली ठेवली. "आणि तू मले विचारून राह्यला?"

"मंग कोणाले विचारू? शहरातले लोक तुहं काम पाहाले येतात. तूच म्हणे, जुन्या कामाले मागणी आहे."

"मी माह्या भावाले इकीन?"

मी म्हटलं, लाकूड तुहं, हात तुहे, तुले वाटलं असन खांबही तुहाच. हे बोलाले नको होतं. पण तोंडातून निघून गेलं. काका उठला आणि मोहाकडं गेला. परत आला तवा त्यानं माह्याकडं पाहिलंही नाई. तवापासून तो आपल्या दारात पाय ठेवत नाई. छिन्न्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या म्हणतात.

शेजारच्या बायांनी सांगितलं, कापणीच्या दिवसात पांढरी पिकअप आली होती. सारे शेतात होते. कोणाले वाटलं धानाचा व्यापारी असन. आता तूच सांग, त्या पिकअपले आपल्या मोहापर्यंत कोणी आणलं? तू म्हणते रस्ता सांगितला असन, आठवत नाई. एवढं कसं विसरते? तुले नोकरी पक्की कराची होती का? साहेबाले खूश कराचं होतं का?

मायले काही सांगितलं नाई. पण काका येत नाई, मी जेवत नाई, ती पाहून राह्यली. काल विचारे, "तुमचं काय चाललं?" मी म्हटलं, काही नाई.

कुलदीप


सागरवेल रिसॉर्ट
२७ जानेवारी २०२४

दादा,

तुहं पत्र दोनदा वाचलं. माह्या बापाले विकून मी नोकरी पक्की करीन, हे तू लिहिलं आणि वर तिकीटही लावलं.

मी प्रफुल सरले गाठलं. ते नव्या भिंतीचं माप घेत होते. मी म्हटलं, "सर, तो खांब पेंडलगुड्याचा आहे."

"कोण म्हणते?"

"ज्याच्या नावानं उभा केला त्याची पोरगी म्हणते."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल दीपिका. मी चोरला नाई."

"मंग काय पायी आला?"

"घरच्यांनी दिला. आपल्या हातानं माती मोकळी करून दिला."

"घरच्या कोणी?"

ते टेप गुंडाळत राह्यले. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "नाव मले नको विचारू. मी शब्द दिला होता, तो पाळला नाई. आता कोणत्या तोंडानं सांगू?" आणि निघून गेले.

मी मॅनेजरकडं गेली. त्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "वस्तू आता रिसॉर्टची आहे. पाहुण्यांना कोकणची म्हणून आवडते आहे. तू असल्या गोष्टी फेरीत बोलू नकोस." मी म्हटलं, मंग मी फेरी करणार नाई. दुसऱ्या दिवसापासून मले धुलाईत टाकलं. आता तेच टॉवेल मी धुते.

घरच्यांनी दिला. आपल्या घरात जमिनीतून एवढा खांब मोकळा करणारे दोघं. काका आणि तू. काकानं छिन्न्या पोत्यात बांधल्या म्हणते. विकणारा माणूस छिन्न्या बांधत नाई, उलट धार लावते. राह्यला तू. तू गोंडपिपरीले होता म्हणते. असशील. पण पहिल्या पत्रात तू खोटं लिहिलं, दुसऱ्यात माह्यावर ढकललं, आणि मधात काकाले घराबाहेर काढलं. हे सारं कोण करते, तूच विचार कर.

महिनाभर वाट पाहते. खरं लिहिलं नाई तर पोलिसांत जाईन. मंग त्या पिकअपमध्ये कोण बसलं होतं ते तेच शोधतील.

दीपिका


पेंडलगुडा
८ मार्च २०२४

दीपिका बाई,

माय बोलून राह्यली, अंगणवाडीची वच्छलाबाई लिहून राह्यली. ती म्हणते, तू बोल तसंच लिहीन, मधात काही घालणार नाई.

तुही पत्रं कुलदीपनं चुलीत टाकली नाईत, उशाखाली ठेवली. मले झाडताना सापडली. मले वाचता येत नाई, पण तुहं अक्षर ओळखू येते. एवढी पत्रं येतात आणि मले एकही कोणी वाचून दाखवत नाई, म्हणून वच्छलाबाईकडं नेली. तिनं सारी वाचून दाखवली.

दादाले काही म्हणू नको. काकाले काही म्हणू नको. तुह्या बापाले मी पाठवलं.

कापणीत तो माणूस आला. मी त्या दिवशी तापानं घरीच होती. तुहा फोटो दाखवला त्यानं, समुद्राजवळचा. म्हणे, मी दीपिकाच्याच ठिकाणचा आहे, पोरगी चांगली आहे, पण एकटी असते, रडते. मंग त्यानं खांबाचं विचारलं. मी नाई म्हटलं. तो उठून गाडीत बसाले निघाला. तवा मी विचारलं, खांब नेला तर कुठी उभा करणार? तो म्हणे, दीपिका राह्यते तिथंच. तिच्या डोळ्यासमोर. ती रोज दिवा लावील.

तुले आठवत नसन. तुले आश्रमशाळेत टाकलं तवा तू एवढीशी होती. तुहा बाप सायकलवर तुले सोडाले गेला आणि घरी आलाच नाई. मी घाबरून माणूस पाठवला. तर हा शाळेच्या फाटकाबाहेर उभा. म्हणे, पोरगी खिडकीतून पाह्यते, मी दिसलो की रडणं थांबते, कसा निघू? तू झोपली तवा निघाला. दर वर्षी शाळा सुरू झाली की तो तसाच उभा राहे. मी म्हणे, वावर कोण पाहील? तो हसे.

म्हणून मी म्हटलं, ने. मीच माती मोकळी केली. त्याच्या माणसांनी उचललं. तो लुगडं देत होता, मी घेतलं नाई. आपल्या माणसाले लेकीकडं धाडताना लुगडं कोण घेते? जागा सारवली, दोना ठेवला आणि घरी येऊन झोपली. गावात सांगितलं असतं तर सारे ओरडले असते की मेलेल्याचा खांब हलवत नाईत. मुखरूनं तर मले जवळ उभं केलं नसतं. म्हणून गप्प राह्यली.

मंग तुह्या फोनची वाट पाहिली. आज सांगील, उद्या सांगील, की माय, बाबा आला. तू समुद्राचं सांगे, मोराचं सांगे, बापाचं एक अक्षर नाई. मले वाटलं पोरगी आता मोठ्या लोकांत राह्यते, तिले बापाची लाज वाटत असन. मी मनातून तुले बोलत होती. एक-दोन वेळा तर टेकाडावर चढलीच नाई. कुलदीपले म्हटलं पाय दुखते.

परवा मुखरूच्या घरी गेली आणि सारं सांगितलं. तो म्हणे, "वहिनी, मले सांगितलं असतं तर मी दुसरा कोरून दिला असता." मी म्हटलं, दुसरा पाठवून काय कामाचा? कुलदीप दारात उभा होता. आत येत नव्हता. मुखरूनंच त्याले पाणी दिलं.

त्याच्यावर टॉवेल टाकतात, हे वच्छलाबाईनं वाचलं. ते खरं आहे का?

तुही माय


सागरवेल रिसॉर्ट
२ एप्रिल २०२४

माय,

जोहार. हे पत्र दादाकडून वाचून घे, वच्छलाबाईकडून नको. दादाले माह्या तोंडचं ऐकू दे. दादा, मी जे लिहिलं ते लिहाले नको होतं. तूही लिहिलं, पण मोठ्यानं ओरडली मी. घरी आली की तू मले बोल, मी ऐकून घेईन.

माय, तुहं पत्र आलं तवा मी टॉवेल वाळू घालत होती. वाचलं आणि तशीच बागेत गेली. फेरी चालू होती, नवी पोरगी करत होती. ती खांबाजवळ आली आणि तिनं कार्ड वाचाले सुरुवात केली. "कोकणातील अज्ञात..." मी मधात गेली. धुलाईच्या कपड्यात, हात ओले.

मी म्हटलं, "अज्ञात नाई. ज्यानं कोरला तो मुखरू मडावी. हा ज्याच्या नावानं आहे तो पोचू मडावी. माहा बाप."

एक माणूस हसला, त्याले वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मी सायकल दाखवली. ही कोणाची, कुठी जात होती, फाटकाबाहेर कोण उभं राहे, ते सांगितलं. आपल्या बोलीतच सांगितलं, दुसरं सुचलंच नाई. एक म्हातारी बाई होती, ती पुढं आली आणि गव्याच्या शिंगावरचा टॉवेल काढून घेतला. तिच्याच नातवाचा होता. मंग बाकीच्यांनी आपापले काढले.

मॅनेजर आले. मले बाजूले घेऊन म्हणाले, "तुला कळतंय का तू काय केलंस?" मी म्हटलं, "कळते." तेवढ्यात ती म्हातारी आली आणि त्यांले विचारलं, हा खांब तुम्ही या मुलीला केव्हा परत देणार? बाकीचे लोक ऐकत होते. काही जण फोन काढून उभे होते. मॅनेजर त्यांच्याकडं पाहून गोड हसले आणि म्हणाले, अहो, तेच तर चाललं आहे. माय, इथी सांगाचं एक आणि कराचं एक असते. पण या वेळी सांगितलेलं करावं लागलं.

प्रफुल सर संध्याकाळी आले. ते म्हणाले, "बाईनं एवढंच मागितलं होतं, की पोरीच्या डोळ्यासमोर ठेवा. मी आणून मॅनेजरले दाखवला, त्यांनी बारजवळ ठेवला. तुले सांगाची हिंमत झाली नाई." मी म्हटलं, खुंट्या तुम्हीच काढा. त्यांनी काढल्या, एकेक, पक्कड घेऊन. भोकं राह्यली आहेत. काकाले म्हणा, ती बुजवता येतील का ते पाहून सांग. लोक आपले आहेत म्हणून सारं सांगू नये, हे मले समजलं, पण त्यांनी "जेवली का" विचारलं होतं तेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं आहे आणि मले त्यांचा राग अजून जात नाई.

आता ऐक. बाबा माह्या खोलीमागं उभा आहे, काजूच्या झाडाखाली. माळी आणि आम्ही चार पोरींनी मिळून आणला. खिडकी उघडली की दिसते. मी दिवा लावते. खोलीतल्या पोरी आधी घाबरल्या, आता त्याच वात करून ठेवतात. घोरपड बारजवळच राह्यली, तिची सोय तिथी चांगली आहे. इकडं धनेश येतात.

लाज वाटत नव्हती माय. बापाले चोरून आणलं हे तुले कसं सांगू, म्हणून बोलत नव्हती. तू वाट पाहत होती हे मले समजलं असतं तर मी पहिल्याच दिवशी टेकाडावर फोन लावून ओरडून सांगितलं असतं.

पावसाळ्यात हे सारं बंद असते. मी नोकरी सोडली आहे, पण मे संपेपर्यंत राह्यीन, तसं बोलणं झालं आहे. मंग प्रफुल सरची गाडी सामान घेऊन नागपूरले जाते, ती अहेरीपर्यंत येईल. मी मागंच बसणार आहे, बाबाजवळ. त्यानं मले एवढ्या वेळा पोचवलं, एकदा मी त्याले पोचवते.

दादाले आणि काकाले सांग, खड्डा आताच खणून ठेवू नका, अवकाळी आला तर पाणी भरते. आम्ही दोघं आलो की खणू.

दीपिका